वकीलपत्रावर माझं नाव नव्हतं

"तू स्कॅनिंग कर. डोकं आम्ही चालवतो."

साहेब पक्षकारासमोर म्हणाले. जळगावच्या त्यांच्या ऑफिसात, पारोळ्याचे म्हातारे आबा समोर बसलेले असताना. मीही वकीलच होते. सनद होती, काळा कोट होता. पण तीन वर्षांत एकाही वकीलपत्रावर साहेबांनी माझं नाव घातलं नाही. नाव नाही, तर कोर्टात तोंड उघडायचं नाही. "तुमच्या लोकांना कोट मिळाला, तेवढं पुरे," असंही एकदा हसत म्हणाले होते. मी ऐकून घेतलं. त्याची लाज मला आजही वाटते.

ऑफिसात नवं सॉफ्टवेअर आलं होतं. ते कागद वाचणार, गोषवारा देणार, खोट कुठे आहे ते सांगणार. त्याचा ताबा साहेबांच्या पुतण्याकडे. मी दिवसभर टाचण्या काढायच्या आणि मशीनमध्ये कागद सरकवायचे. पुतण्याचा हुकूम होता, "पुढचीच बाजू घाल. मागे नुसते शिक्के असतात."

आबांच्या भाऊबंदानं दावा लावला होता. आबांनी जमीन विकायचं लिहून दिलंय म्हणे, हे बघा साठेखत. सॉफ्टवेअर म्हणालं, कागद निर्दोष. पुतण्यानं तेच वाचून दाखवलं. साहेब म्हणाले, आबा, तडजोड करा. म्हणजे जमीन सोडा.

मी म्हटलं, मागची बाजू कुणी वाचलीच नाही. त्यावर साहेबांचं ते स्कॅनिंगचं वाक्य आलं.

मी उठले. कोर्टातून आणलेली पाठपोट नक्कल उलटवली. स्टॅम्पपेपरच्या पाठीवर विक्रेत्याची नोंद असते, कागद कुणाला विकला, कधी विकला. साठेखतावर जी तारीख होती, त्यानंतर चार महिन्यांनी तो स्टॅम्प विकला गेला होता. सरळ सरळ बनावट. मी आबांना बोट ठेवून दाखवलं.

साहेबांनी नक्कल माझ्या हातून ओढली. वाचली. आबांकडे वळून म्हणाले, "बघा आबा, आमच्या मशीनच्या नजरेतून काही सुटत नाही."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. पुतण्याला श्रेय दिलं असतं तरी मी गिळलं असतं, तो निदान माणूस आहे. मला डावलून शाबासकी यंत्राला!

आबा माझ्याकडे बोट करून म्हणाले, "साहेब, मशीन नई. हाई ते या पोरनी दखाडं."

साहेबांनी ऐकलंच नाही. पुतण्याला म्हणाले, "वकीलपत्र तयार कर. तुझं नि माझं नाव."

"माझंही," मी म्हटलं.

"तू स्वतःला समजतेस कोण?"

"वकील."

कोट उचलला आणि बाहेर पडले. मागे वळले नाही.

आता कोर्टाच्या आवारात माझं स्वतःचं टेबल आहे. पुढच्या महिन्यात एका दाव्यात साहेब समोरच्या बाजूला आहेत. लोक म्हणतात, जाऊ दे, मोठा माणूस आहे. का जाऊ देऊ? मला त्यांची माफी नको. मला ते हरलेले हवेत. त्यांच्या पक्षकारांसमोर, पुतण्यासमोर, भर कोर्टात. एकदा हरवून माझं पोट भरणार नाही. ते कोट खुंटीला टांगेपर्यंत मी त्यांच्या समोर उभी राहणार आहे.