तहान मारायची सवय

"डाव्या किडनीत पाणी साठलंय," सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि मला हसू आलं. पाणी, आणि माझ्या पोटात? सकाळी साडेआठला घर सोडल्यावर संध्याकाळी पाचपर्यंत पाण्याचा थेंब तोंडात न घेणारी बाई मी.

त्या हसल्या नाहीत. डाव्या कुशीवर यंत्र पुन्हा पुन्हा फिरवत राहिल्या आणि किती दिवसांपासून दुखतंय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कंबर ना, वर्ष झालं असेल. "ही कंबर नाही, मॅडम. वर्षभर तुमची किडनी दुखत होती."

रिपोर्टवर शब्द होता हायड्रोनेफ्रोसिस. किडनीतून मूत्राशयाकडे लघवी नेणारी बारीक नळी असते. माझ्या त्या नळीत खडा अडकला होता. मागे लघवी तुंबत गेली आणि किडनी आतून फुगत जाऊन तिचा काम करणारा भाग पापुद्र्याएवढा उरला होता. म्हणजे साठलेलं पाणी मी प्यायलेलं नव्हतंच, ती लघवी होती. शहरात आमच्या गारखेडा भागातल्या त्या दवाखान्याच्या बाकावर मी तो कागद हातात धरून अर्धा तास बसून राहिले आणि मग नवऱ्याला फोन केला.

हे मी लिहिते आहे ते सकाळी डबे भरून घराबाहेर पडणाऱ्या बायकांसाठी. शिक्षिका, कंडक्टर, नर्स, साड्यांच्या दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या पोरी. तुम्हाला मी वेगळं काही सांगणार नाही. तुम्हाला सगळं माहीत आहे. मलाही माहीत होतं आणि तरी मी ही वेळ आणली.

मी करमाडच्या पुढच्या एका खेड्यात सातवीपर्यंतच्या शाळेत शिकवते. अकरा वर्षं झाली. आम्ही पाच-सहा बायका गारखेड्याच्या चौकातून एका व्हॅनने जातो-येतो. त्या व्हॅनमध्ये एक नियम होता आणि तो मीच घालून दिलेला होता. चहा घरून निघायच्या आधी, पाणी घरी परतल्यावर. मधे कोरडं राहायचं. नवीन शिक्षिका आली की पहिल्याच दिवशी मी तिला शिकवायचे की तहान लागली तर वेलदोडा चघळायचा, घोट घ्यायचा नाही, घोट घेतला की दुसरा घ्यावासा वाटतो. पंधरा दिवसांत सवय होते, असं मी वर सांगायचे. नोकरीतली एखादी युक्ती शिकवावी अशा थाटात.

कारण साधं होतं. शाळेत बायकांसाठी संडास होता. टाकीत पाणी कमी, गावातली पोरं घाण करतात, म्हणून त्याला कुलूप. चावी मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात. ऑफिसात सर, क्लार्क, गावातली दोन-तीन माणसं कायम बसलेली. त्या सगळ्यांसमोर जाऊन "सर, चावी द्या" म्हणायचं, म्हणजे आपण आता कुठे चाललो आहोत हे पाच पुरुषांना जाहीर सांगायचं. मी एकदाही मागितली नाही. शाळांच्या केंद्राच्या बैठकीत साहेबांशी भांडलेली बाई आहे मी, निवडणुकीच्या ड्युटीवर चार माणसं अंगावर आली तरी जागची हलले नव्हते. पण चावी मागायला माझी जीभ उचलली नाही.

शरीराने सांगितलं नाही असं नाही. लघवीला जळजळ व्हायची. वर्षातून तीन-चार वेळा. मेडिकलवाल्याला सांगितलं की तो गोळ्या द्यायचा, पाच दिवसांच्या. दोन दिवसांत बरं वाटलं की उरलेल्या मी डब्यात ठेवायचे, पुढच्या वेळेला होतील म्हणून. मग कंबर दुखायला लागली, डाव्या बाजूला, बरगडीच्या खाली. त्यावर मी बाम चोळला, पट्टा बांधला, दुखणं थांबवायची गोळी जवळजवळ रोज घेतली. स्टाफरूममध्ये सगळ्यांचीच कंबर दुखत होती. जिची दुखत नाही ती काम करत नाही, असं आम्ही चेष्टेने म्हणायचो. एकदा भाजी निवडताना थंडी वाजून ताप भरला, नवरा म्हणाला आज डॉक्टरकडे जाऊ. मी म्हटलं, शनिवारी जाऊ, शनिवारी अर्धी शाळा असते. त्या शनिवारी प्रज्ञाच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या, ट्यूशनची चौकशी करायची होती. पुढच्या शनिवारी पालकसभा होती.

हा सगळा हिशेब मी दवाखान्याच्या पलंगावर पडून मांडला, कारण तिथे दुसरं काही करायला नसतं.

किडनीच्या डॉक्टरांनी आधी सीटी स्कॅन केला, मग रिनल स्कॅन नावाची तपासणी. त्यात शिरेतून एक औषध देतात आणि दोन्ही किडन्या ते किती वेगाने बाहेर टाकतात ते मशीनवर बघतात. प्रत्येकीच्या कामाचा वाटा कळतो. माझ्या उजव्या किडनीचा वाटा नव्वदच्या पुढे आणि डावीचा नऊ. शाळेत नऊ टक्क्यांच्या मुलाला आपण नापास म्हणतो, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

डॉक्टर तरुण होते, पण घाई करणारे नव्हते. म्हणाले, लगेच काढून टाकायला नको. आधी तुंबलेलं बाहेर काढू, सहा आठवडे थांबू, कधी कधी किडनी थोडी सावरते. त्यांनी पाठीतून एक बारीक नळी थेट किडनीत घातली. तिला पीसीएन म्हणतात. नळीच्या टोकाला पिशवी. "पिशवीत रोज किती जमतं ते लिहून ठेवा. आकडा वाढत गेला तर आशा आहे," डॉक्टर म्हणाले.

म्हणून आमच्या घरात सहा आठवडे सगळ्यांचं लक्ष त्या एका पिशवीकडे. प्रज्ञा कॅलेंडरवर आकडे लिहायची. पहिल्या आठवड्यात दीडशे मिली, मग एकशे ऐंशी, एक दिवस दोनशे दहा. त्या दिवशी तिने आकड्याभोवती लाल गोल काढला आणि नवऱ्याने कंपनीतून येताना जिलबी आणली. मी तासातासाला पाणी पीत होते, घड्याळ लावून. अकरा वर्षांचं एकदम प्यायल्याने भरून निघेल असं मला वाटत होतं की काय कोण जाणे. मग आकडा खाली आला. एकशे चाळीस, एकशे दहा, नव्वद. प्रज्ञा आकडे बारीक अक्षरात लिहायला लागली.

त्याच दिवसांत माय सोयगावहून आली. माझी आई. गुडघे धरून, बसमध्ये अर्धा रस्ता उभी राहून आली. आमच्या घरात चवदार तळ्याची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. वडील असताना ते सांगायचे, आपल्या माणसांनी त्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं आणि त्यापायी डोकी फोडून घेतली. दर मार्चमध्ये शाळेत त्यावर भाषण करायचा मान माझा असतो. चांगलं करते मी. मुलं गप्प बसून ऐकतात. भाषण झाल्यावर घसा कोरडा पडतो आणि मी वेलदोडा तोंडात टाकते.

मायला कुणीतरी सगळं सांगितलं होतं, चावीसकट. ती माझ्या उशाशी बसली, पिशवीकडे बघितलं. मग म्हणाली, "पान्यापायी आपल्या मान्सांनी मार खाल्ला, आन्‌ तू समोरचं पानी पेली नाय. कुनी अडवलं व्हतं गं तुला?"

 कुणीच अडवलं नव्हतं. मी तोंडावर पदर घेऊन रडले आणि मायने मला रडू दिलं. मग तिने पेला भरून पुढे केला आणि मी पूर्ण पिईपर्यंत तो खाली ठेवू दिला नाही.

सहा आठवड्यांनी स्कॅन पुन्हा झाला. आठ टक्के. डॉक्टरांनी कागद टेबलावर ठेवला आणि आधी माझ्याकडे बघितलं, नवऱ्याकडे नाही, हे मला आवडलं. म्हणाले, ही किडनी आता काम करत नाही, पण पू धरू शकते, मग तिचा ताप दुसरीला. काढावी लागेल. नेफ्रेक्टॉमी म्हणजे किडनी काढण्याचं ऑपरेशन. पोटावर तीन-चार छोटी भोकं पाडून दुर्बिणीने करतात. मी विचारलं, वर्षभर आधी आले असते तर? ते म्हणाले, "तर खडा काढला असता आणि तुम्ही दोन दिवसांत घरी गेला असता."

खोटं बोलले असते तर बरं वाटलं असतं, पण ते बोलले नाहीत. त्यांनी पुढे सांगितलं की एका किडनीवर माणूस पूर्ण आयुष्य जगतो, नोकरी करतो, डोंगर चढतो. फक्त यापुढे मनाने गोळ्या नाहीत आणि लघवी रोखणं नाही. चूक झाली तर सावरायला आता दुसरी नाही.

ऑपरेशन नीट झालं. पाचव्या दिवशी घरी आले. ज्या नर्स सिस्टरने मला पहिल्यांदा उठवून चालवलं तिला मी विचारलं की बाई, तू ड्युटीत पाणी पितेस का. ती नुसती हसली. मी तिला हाताला धरून बसवलं आणि माझ्यासमोर प्यायला लावलं. ती मला मनात वेडी म्हणाली असेल.

तर मैत्रिणींनो, सांगायचं एवढंच आहे. लघवी पिवळीजर्द होत असेल तर पाणी कमी पडतंय. चार तासांच्या वर ती अडवू नका. पाच दिवसांच्या गोळ्या पाच दिवस घ्या. पंधरा दिवसांच्या वर एकच जागा दुखली तर ती कंबर आहे की आणखी काही हे सोनोग्राफीवाल्यांना ठरवू द्या, स्टाफरूममध्ये ठरवू नका. यात एकही गोष्ट अवघड नाही. यात कुठे वेळही जात नाही. मला वेळ नव्हता हे मी अकरा वर्षं सांगत आले, आणि मग ऑपरेशनसाठी तीन महिने कुठून निघाले ते मला कुणी सांगावं.

रजा संपवून शाळेत गेले त्या दिवशी मी आधी ऑफिसात गेले. सर, क्लार्क, गावातली माणसं, सगळी होती. मी म्हटलं, "सर, संडासाची चावी बाहेर व्हरांड्यात खिळ्याला लावा. मला लागते, सगळ्या मॅडमना लागते." सर गडबडून उभेच राहिले. साधे माणूस आहेत. "आवं मॅडम, आधी म्हनायचं नाय का? तुम्ही कुनीच कधी मागितली नाय, मला वाटलं तुम्हाला लागतच नसंल." दुपारपर्यंत खिळा ठोकला गेला. दुसऱ्या दिवशी टाकी भरून घेतली. मुलींच्या संडासाची कडी कधीची तुटलेली होती, तीही बसली. दोन दिवसांचं काम होतं सगळं. मी व्हरांड्यात उभी राहून त्या खिळ्याकडे बघत राहिले. मला सरांचा राग आला नाही, तेव्हाही नाही आणि आताही नाही. माझाच आला.

सहावीच्या वर्गात गेले. पोरींनी फळ्यावर माझं स्वागत लिहिलं होतं, फुलं काढली होती. तब्येत विचारून झाली. मी म्हटलं, आजपासून दर दोन तासांनी सगळ्यांनी पाणी प्यायचं, चला, आत्ताच जाऊन पिऊन या. मुलगे दंगा करत धावले. मुलींमधली एकही उठली नाही. मी पुन्हा सांगितलं. त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. पहिल्या बाकावरच्या आरतीला मी विचारलं, की गं, तहान नाही का लागत?

आरती वर्गात सगळ्यात हुशार. उत्तर द्यायला उभी राहते तशी ताठ उभी राहिली. "आम्ही शाळेत पानीच पेत नाय, मॅडम. तुम्ही पेत नाय म्हनून. पयले तहान लागायची, आता सवय झाली."

तिला वाटलं मी शाबासकी देईन. बाकीच्या पोरीही माझ्याकडे त्याच आशेने बघत होत्या. मी तिला खाली बस म्हणाले नाही. तिचा हात धरला, सगळ्यांना बाहेर नेलं, नळाशी रांग लावली आणि आधी स्वतः त्यांच्यासमोर गटागटा पेलाभर पाणी प्यायले. मग एकेकीला पाजलं.

या वर्गातल्या सतरा पोरींना मी आता रोज पाजते. माझी एक किडनी गेली, ती कुठे गेली हे मला ठाऊक आहे, रिपोर्ट कपाटात आहे. पण अकरा वर्षांत माझ्याकडे बघून शिकलेल्या पोरी आता कुणाच्या घरी नांदतात, कुणाच्या दुकानात उभ्या राहतात, त्यांची कंबर दुखते का, हे मी कुणाला विचारू?