काकवीच्या रंगाचं कार्ड

आमची संयोगिता म्हणजे माझी धाकटी जाऊ. लई हट्टी बाई. मंगळवार पेठेत आमची दोन घरं एका भिंतीला लागून हायत, त्यामुळं तिच्या हट्टाचा झटका मलाच आधी बसतो.

तिला शुभेच्छा कार्डं करायचा नाद. गल्लीत कुणाचं बारसं असू दे, वाढदिवस असू दे, कार्ड हिचंच. आणि कार्डाचा नक्षीचा कागद दुकानातनं आणायचा न्हाय म्हंजे न्हाय. "तसला कागद सगळ्यांकडं असतोय, आक्का. मग त्यात माझं काय?" असं विचारती. चहाच्या पाण्यात कागद बुडवती, कांद्याच्या सालीचा रंग काढती, भेंडी कापून ठसे मारती, दात घासायच्या जुन्या ब्रशनं शिंतोडे उडवती. एकदा माझ्या वाळत घातलेल्या चादरीवर उडवले. तवा मी तोंड सोडलं ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं.

तिचा भाऊ अमरसिंह कुरुंदवाडला असतो. वडील वारले, दिवसकार्य झालं, आणि त्यानं हक्कसोडीचा कागद हिच्यापुढं केला. रानातला बहिणीचा हिस्सा भावाला सोडून द्यायचा. आमच्याकडं पोरी सही करतात, साडी-चोळी घेतात आणि सासरी येतात. मी पण तसंच केलं. हिनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, "दादा, तूच कस, तूच पिकव. पण सही न्हाय."

झालं! भाऊ बिघडला. येणंजाणं बंद. हिनं राखी पाठवली तर पाकीट न उघडताच माघारी. पुढच्या वर्षी पण तसंच. त्या दिवशी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून रडली. तरी माझी जीभ गप बसंना. "कर की बाई सही! भाऊ मोठा का रान मोठं?"

"मला दोन्ही पायजेत, आक्का," डोळं पुसत म्हणाली. आता हिच्यापुढं काय कपाळ फोडायचं?

यंदा पुराचं पाणी उतरलं, श्रावण लागला, आणि ही एसटीनं कुरुंदवाडला जाऊन आली. माहेरच्या उंबऱ्यावर पाय न्हाय ठेवला. सरळ रानात गेली, डबाभर काळी माती आणि उसाचं एक कांडं घेऊन माघारी.

"चोरी केलीस व्हय गं?"

"स्वतःच्या रानात कसली चोरी?"

मग सुरू झाला कारखाना. माती वस्त्रगाळ केली, पाण्यात कालवून कागदावर फासली. वाळल्यावर सगळी झडून गेली. डिंक घातला तर रंग तडकला. मी म्हटलं, सोड नाद. तर हिनं फडताळातनं काकवीची बाटली काढली. गूळ व्हायच्या आधीचा तो घट्ट पाक तिनं मातीत ओतला, आणि काय सांगू, रंग असा बसला, असा चमकला! वर उसाचं कांडं आडवं कापून, हळदीत बुडवून त्याचे गोल ठसे मारले. पाकिटाला पण आतल्या बाजूनं तोच रंग.

"अगं येडे, मुंग्या लागतील!"

"लागू देत. आमची माती उसाच्याच रसात भिजली की."

कार्डात लिहिलं, 'दादा, ही आपल्या रानाची माती. राखी बांधून घ्यायला ये.' पंख्याखाली चांगलं वाळवलं, आत राखी ठेवली आणि पोस्टात टाकलं.

राखी पौर्णिमेला सकाळीच ओवाळायचं ताट करून दाराकडं तोंड करून बसली. नारळीभात निवला. दुपार कलली. माझा संताप झाला त्या भावावर, आणि हिच्यावर पण. "उठ आता, चार घास खा," म्हणून ताट उचलायला गेले, तर दारात अमरसिंह. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत ते कार्ड. काळा रंग जागोजागी पोखरलेला, हळदीचे ठसे तेवढे जसेच्या तसे. मुंग्या हळदीला शिवत न्हाईत.

"काय घातलंस गं यात?" आल्या आल्या गरजला. "माघारी धाडायचं म्हणून फळीवर टाकलेलं. दारापासनं फळीपर्यंत मुंग्यांची रांग! झटकायला म्हणून उघडलं."

"काकवी," संयोगिता म्हणाली. जागची उठली न्हाय.

"काकवी!" त्यानं कार्ड नाकाशी धरलं. हसायला गेला, मग कार्ड जपून पिशवीत ठेवलं. पाटावर बसला, मनगट पुढं केलं. राखी पण त्या पिशवीतच होती, जरा चिकट झालेली.

हिनं ती उचलली, पण बांधंना. आता कशाला ताणती ही बया?

"दादा, आधीच सांगते. सही करणार न्हाय."

अमरसिंहानं मनगट तसंच धरलं.

"ठाव हाय मला," म्हणाला. "बांध."