पुतण्याची मांडी

८ डिसेंबर २०२४, रविवार, पहाटे साडेपाच. पुतण्या अंगणात सतरंजी अंथरून माझी वाट पाहत बसला होता. तो तलावात मासेमारी करतो आणि गावाकडून कबड्डी खेळतो. तीन आठवड्यांपूर्वी चढाई करताना त्याच्या उजव्या मांडीचा मागचा स्नायू दुखावला होता. मी शाळेत खेळाचा शिक्षक होतो. निवृत्तीनंतर गावातल्या खेळाडूंना योगासने शिकवतो. शरीर घडावे म्हणून कोणी येत नाही. मोडले की येतात.

रोजच्याप्रमाणे त्याला उताणे झोपवले. तळपायाला दुपट्टा अडकवून पाय वर उचलायचा, ताण जाणवला की थांबायचे, श्वास सावकाश सोडायचा. मग सेतुबंध: गुडघे वाकवून कंबर उचलायची, म्हणजे मांडी फार न ओढता बळकट होते. काम कंटाळवाणे आहे. त्यात दाखवण्यासारखे काही नाही, आणि आमच्याकडे योग म्हणजे एकवीस जूनला फोटो निघेपर्यंत करायची गोष्ट.

त्या दुपारी गावात कबड्डीचा अंतिम सामना होता.

“काका, आज उतरू काय?”

“नाही.”

“आता दुखत नाही न मले. काल तलावात जाळं ओढलं, काई झालं नाही.”

“कोणाले विचारून ओढलं? दुखत नाही म्हणजे जुडलं असं नाही. आधी चालणं, मंग हळू धावणं, मंग मैदान.”

“तोवर सामना थांबते काय?”

तो सतरंजी गुंडाळून स्वयंपाकघराच्या दाराशी गेला.

माझी पत्नी पायाळू आहे. जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले. पायाळूने पाय लावला की पाठीत भरलेली उसण जाते, अशी समजूत आहे, आणि कोणी पाय मागितला तर पायाळूने नकार द्यायचा नसतो. इतकी वर्षे लोक माझ्याच ओसरीवर तिच्यापुढे पालथे पडत आले आहेत. माझ्या सांगण्यावरून घटकाभर शवासनात पडून राहायला त्यांना वेळ नसतो.

“काकू, मांडीले पाय लाव न.”

“उसण भरली काय तुले?”

“तसंच समज.”

“तसं समजून कसं चालन? तुहे काका काय म्हणतेत?”

“काका तर मले म्हातारा होवस्तोर झोपवूनच ठेवतीन.”

ती हसली. मी म्हणालो, “लावू नको.”

“मागणाऱ्याले नाही म्हणता येत नाही. तुमाले मालूम आहे.”

तो दाराशीच पालथा पडला. तिने भिंतीला हात टेकवला आणि पायाचा अंगठा त्याच्या मांडीला तीनदा लावला. उठून त्याने मला दोन उठाबशा काढून दाखवल्या आणि तो गेला.

सामना मी पाहिला. सुरुवातीच्या चढायांत त्याने गुण आणले. शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, “गुरुजी, तुमची आसनं लागू पडली बरं.” पुढच्या चढाईत मध्यरेषेकडे परतताना त्याने झेप घेतली. हात रेषेला लागला, गुण मिळाला. त्याला उठता मात्र आले नाही.

चौघांनी उचलून माझ्याच घरी आणले. मांडीच्या मागे हाताला खड्डा लागत होता. मासळीच्या पेटीतला बर्फ फडक्यात गुंडाळून लावला, पट्टी बांधली. मग गाडी करून लाखनीला नेले. तिथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की स्नायू फाटला आहे. उन्हाळ्यापर्यंत जाळे नाही, मैदानाचे पुढच्या वर्षी पाहू.

परतताना गाडीत तो म्हणाला, “काका, उद्यापासून आसनं सुरू करू. आता एकही दिवस चुकवणार नाही.”

“उद्या काही करायचं नाही. पडून राहा.”

आधीच्या तीन आठवड्यांतही त्याने एक दिवस चुकवला नव्हता. मला सहन होईना ते हेच. आळशी माणसावर रागावणे सोपे असते.

घरी पत्नीने ताट वाढले. “माहा पाय उसणेसाठी आहे,” ती म्हणाली. “त्यालेही मालूम होतं.” मी जेवलो.

त्याला उकिडवे बसता येणार नव्हते. माडीवरची जुनी प्लास्टिकची खुर्ची खाली काढली, करवतीने तिच्या बैठकीला भोक पाडले, कडा कानशीने घासल्या आणि ती त्याच्या संडासात नेऊन ठेवली.