कापसाच्या खोलीतली गिटार

आमचे योगीराज भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. बैल घ्यायचा तर आधी तीन बाजार रिकाम्या हाताने फिरून येणार. बैलाचे दात बघणार, चाल बघणार, विकणाऱ्याची बायको भांडखोर आहे का तेही विचारणार. तेव्हा गिटार रेकॉर्ड करायचं सामान ते एका फेरीत आणतील, असं आम्हाला कुणालाच वाटलं नव्हतं.

गिटार ते परभणीला कॉलेजात असताना शिकले. पुढे शेती आली, लग्न झालं, पण गिटार सुटली नाही. यंदा त्यांनी मारुतीसाठी स्वतः एक धून बसवली. पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझं तांदूळ निवडणं तसंच राहून गेलं. देवळात पहाटे भोंग्यावर लावतात ते जुनं रेकॉर्डिंग खरखरायला लागलं होतं, म्हणून भावजींनी बन्सीधर गुरवांना विचारलं.

"आण की, हनुमान जयंतीपासून लावू," गुरव म्हणाले. "पर नुसती धून पाहिजे. तुमच्या घरचा गोंगाट देवाला न्हाई चालायचा."

भावजी झपाटलेच. घरात जुना कॉम्प्युटर होता. आधी त्यांनी गिटारची वायर सरळ त्यालाच जोडली. धून थोडी आणि घुंई घुंईच जास्त.

माझी जाऊ राजेश्री म्हणाली, "अहो, ही गिटार हाय का विहिरीवरची मोटार?"

मग परभणीच्या फेऱ्या सुरू झाल्या. एका फेरीत नुसतं विचारून आले, एकीत नुसतं ऐकून. गिटारचा आवाज कॉम्प्युटरला समजावून सांगणारी एक डबी लागते म्हणे. दुकानदार मोठी, चार जागी वायर जोडायची डबी दाखवत होता.

भावजी म्हणाले, "माज्याकडं एकच गिटार हाय. एका बैलाला चार बैलांचं औत कशाला?"

शेवटी हाताच्या पंजाएवढी डबी, एक माईक आणि दोन्ही कान झाकणारा हेडफोन घेऊन आले. माईक स्वस्तातला, पण कानाचा लय तिखट निघाला. कुकरची शिट्टी त्यात आली, शेळी आली. माझं स्तोत्र पुटपुटणंही आलं. मला वाटलं, देवाचंच आहे, राहू द्या. पण त्याच्या मागोमाग माझंच "मेल्या मांजरा, दूध सांडलंस!" असंही आलं. मी म्हटलं, पुसा ते भावजी, आधी पुसा.

दुकानदाराने फोनवर भिंतींना स्पंज लावायला सांगितला. त्याची किंमत ऐकून भावजींनी फोन ठेवला आणि तोंड पाडून मधल्या खोलीत फावडं आणायला गेले. त्या खोलीत आमचा कापूस आढ्यापर्यंत भरलेला होता. तिथून त्यांनी मला हाक मारली असावी, कारण दारात येऊन विचारायला लागले, "वहिनी, ऐकू आलं का?"

"काय?"

"न्हाई ना आलं!" आणि माणूस लहान लेकरासारखा हसला.

कापसात बसल्यावर बाहेरचं आत येत नव्हतं, आतलं घुमत नव्हतं. त्यांनी ढिगात जागा करून स्टूल ठेवला. कॉम्प्युटर त्याच्या पंख्यासकट शेजारच्या खोलीत, आणि वायर दाराखालून. स्टुडिओ तयार झाला.

आता एकच अडचण होती. कापूस घरात राहिला की अंगाला खाज सुटते. आम्ही दोघी जावा सकाळ-संध्याकाळ खाजवत होतो. भावजींची धून ऐन रंगात यायची आणि त्यांचा हात तारांवरून पाठीकडे जायचा. माईक तेही ऐकायचा. खर्रर, खर्रर.

आमचे हे म्हणाले, "योगीराज, आता कापूस विकायला काढू. टेम्पो सांगतो."

"दादा, जरा थांबा की," भावजी म्हणाले. गिटारसाठी थांबवलाय, हे थोरल्या भावाला सांगायची त्यांना लाज वाटली.

पण ते "जरा थांबा" समोरच्या लिंबाजी काकांनी ऐकलं. योगीराज दिवसभर कॉम्प्युटरपाशी, ओसरीवर येतो तोही कानाला ते काळं लावून, डोळे मिटून. काका गल्लीत सांगत सुटले, "त्यो मोठ्या बाजारातला दर ऐकायलाय. त्यो काढंना तर आपुन बी काढायचा न्हाई." झालं! सगळ्या गल्लीने कापूस धरून ठेवला आणि सगळी गल्ली खाजवायला लागली.

हनुमान जयंती उद्यावर आली, तेव्हा मी आणि राजेश्रीनेच टेम्पो बोलावला. भावजी म्हणाले, "वहिनी, एकदा वाजवतो, मग न्या." मी टेम्पोवाल्याला चहा दिला, शेळी परसात नेऊन बांधली, मांजर कडेवर घेतलं आणि मारुतीचं नाव घेत दाराबाहेर उभी राहिले. मनातल्या मनात बरं का, या खेपेला.

आत धून सुरू झाली. गल्लीतले लोक ओट्यावर जमले. ते दराची वाट बघत होते, मी त्या पोराच्या शेवटच्या सुराची. ना खर्रर, ना घुंई. शेवटचा सूर लागला, लांबत चालला, आणि लिंबाजी काकांना धीर निघेना. त्यांनी दार लोटून मुंडकं आत घातलं.

"योगीराज, दर निघाला का रं?"

भावजी बाहेर आले ते रडवेले होऊन. ते वाक्य कापावं तर सूर तुटत होता. पुन्हा वाजवावं तर लोकांनी टेम्पो आलेला बघून "निघाला, निघाला!" म्हणत आमचाही कापूस भरायला घेतला होता. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीचा कापूस गेला, स्टुडिओही गेला.

तसंच रेकॉर्डिंग घेऊन आम्ही देवळात गेलो. गुरवांनी डोळे मिटून ऐकलं. धून संपत आली, काकांचा आवाज आला. भावजींनी मान खाली घातली.

गुरव म्हणाले, "राहू दे. हितं येऊन समदे देवाला दुसरं काय इचारतेत?"

आता रोज पहाटे धून लागते. शेवटचा सूर लांबत जातो आणि भोंग्यावरून काकांचा प्रश्न आमच्या अख्ख्या वालूर गावावर जातो. काका त्याच वेळेला अंघोळ करून देवळासमोर उभे असतात. आपला आवाज आला की मारुतीला हात जोडतात आणि शेजारच्याला म्हणतात, "गिटार बी बरी वाजिवलीय पोरानं."