मोठ्याने वाचण्याचा नियम

वाचनालयाच्या मागील खोलीत मुलांसाठी संगणक मांडलेले आहेत. त्या खोलीचा कारभार पाहणाऱ्या बाईंना मुले ‘हेडमास्तरताई’ म्हणतात. त्या कोणत्याही शाळेत कधी शिकविण्यास गेल्या नाहीत. परंतु त्यांचा नियम कडक होता. संगणकावरून अथवा मोबाइलवरून कोणासही काही पाठवायचे, तर आधी ते मोठ्याने वाचून दाखवायचे. जे वाचताना जीभ अडखळेल, ते पाठवायचे नाही.

एकदा एक मुलगा मित्रासाठी लिहिलेला मजकूर वाचता वाचता थांबला.

“का रे, पुढे वाच की!”

“नको ताई, शिवी आहे. शोभत नाही.”

“आणि पाठवायला शोभते होय रे, शहाण्या?”

सारी खोली खो खो हसली. जवळच शिवणाचे दुकान चालविणाऱ्या शिंपीणबाईंची मुलगी मात्र हसली नाही. एरवी खिडकीजवळच्या खुर्चीसाठी भांडणारी ही पोर अलीकडे कोपऱ्यात बसे आणि ताई जवळ आल्या, की मोबाइल पालथा घाली. ताईंनी ते हेरले. ज्याला वाचण्याचीच लाज वाटते, त्याने सांगावे कसे, हा विचार त्यांनी कधी केलाच नव्हता. आपल्याच नियमाने पोरीच्या तोंडाला कुलूप लावले, हे त्यांना उमगले.

बाकीची मुले गेल्यावर त्या तिच्याशेजारी बसल्या. “वाचू नकोस. बोलूही नकोस. नुसते दाखव.”

मुलीने मोबाइल त्यांच्या हाती दिला. खेळाच्या अ‍ॅपवर भेटलेल्या एका ‘मैत्रिणी’ला तिने आपला एक फोटो पाठविला होता. ती मैत्रीण नव्हतीच, मुलीचे सोंग घेतलेला कोणी पुरुष होता. आता तो माणूस आणखी फोटो मागत होता. संध्याकाळपर्यंत न दिल्यास पहिला फोटो साऱ्या वर्गात फिरवीन, अशी त्याची धमकी होती.

“ताई, पाठवून टाकते. एकदाचा सुटेल पिच्छा.”

“पिच्छा सुटत नाही गं बाळा, भूक वाढते त्याची. उत्तर देऊ नकोस, आलेले काही पुसून टाकूही नकोस.”

ताईंनी धमक्यांचे स्क्रीनशॉट जपून ठेवले, अ‍ॅपवर त्या खात्याची तक्रार नोंदविली, ते ब्लॉक केले आणि मुलीला घेऊन तिच्या आईचे दुकान गाठले.

सारे ऐकून शिंपीणबाईंनी हात उगारला. “हे उद्योग करायला दिला होता का तुला मोबाइल?”

ताई मध्ये उभ्या राहिल्या. “मारायचेच असेल, तर मला मारा. पोर माझ्या डोळ्यांदेखत घुसमटत होती आणि मी नियम सांगत बसले होते.”

स्वतःची चूक दुसऱ्याच्या दारात जाऊन सांगण्यास फार मोठे मन लागते. शिंपीणबाईंचा हात खाली आला. त्या कापडाच्या गठ्ठ्यावर बसल्या.

“आधी का नाही सांगितलंस गं मला?”

“तू ओरडशील म्हणून.”

“ओरडलेच असते! आई आहे मी. ओरडून झाल्यावर तुझ्याच बाजूने उभी राहिले नसते का?”

त्यांनी अर्धवट शिवलेला कोट तसाच सुईखाली सोडला आणि चप्पल पायात सरकवली.

“अहो, माझा कोट?” दारातले गिऱ्हाईक म्हणाले.

“उद्या!” त्यांनी लेकीचा हात घट्ट धरला. “चला ताई, पोलीस ठाण्याकडे कोणता रस्ता जवळचा पडतो?”