उद्घाटन बाकी असलेलं कलम एकवीस

आमच्या बाररूममध्ये खटले वर्षानुवर्षं रेंगाळतात, किस्से मात्र दाखल झाल्या दिवशीच निकाली निघतात. नाशिकपासून एसटीने तासाभरावरचं तालुक्याचं कोर्ट. वकील कमी, जिभा जास्त.

बोरस्ते साहेब आमच्या वकील संघाचे अध्यक्ष. चहा आला की म्हणणार, "चहा मिळणं मूलभूत हक्क. बिल देणं मूलभूत कर्तव्य. कप विसळणं मार्गदर्शक तत्त्व." शेवटच्या दोन्हींसाठी कुणाला कोर्टात खेचता येत नाही, त्यामुळे टपरीवाला आणि कप दोघेही रामभरोसे.

*

आमच्यातल्याच वकील आहेर मॅडमनी एकदा विचारलं, "साहेब, आम्हा बायकांसाठी टॉयलेट कधी?"

साहेब गंभीर झाले. "मॅडम, हे मार्गदर्शक तत्त्वात येतं. शासनाने प्रयत्न करायचा असतो. कोर्टात मागता येत नाही."

"प्रयत्न तर मी सकाळपासून करतेय, साहेब. त्याला मर्यादा असते."

*

संविधान दिनाला साहेब कलम एकवीसवर बोलले. सन्मानाने जगण्याचा हक्क. हा मात्र कोर्टात ठणकावून मागता येतो. साहेबांना शुगर. मधेमधे "एकच मिनिट" म्हणत पुरुषांच्या टॉयलेटकडे पळत होते.

मॅडम माझ्या कानाशी म्हणाल्या, "यांचं एकवीस लगेच लागू होतं, नाही?"

*

मॅडमचं एकवीस होतं स्टँडजवळ, नणंदेच्या घरी. रिक्षाने जाऊन यायचं. एकदा तेवढ्यात पुकारा झाला आणि दावा गैरहजेरीत फेटाळला गेला. सटाण्याकडचे म्हातारे पक्षकार दारातच उभे.

"ताई, तुम्ही व्हत्या कुठं?"

मॅडमनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही सगळे एकदम फायली चाळायला लागलो. अर्ज देऊन दावा पुन्हा उभा राहिला, पण त्या म्हाताऱ्या बाबांनी वकील बदलला.

*

मग मॅडमनी सगळ्यांच्या मागे लागून टॉयलेट बांधूनच घेतलं. फरशी, नळ, आरसा. आणि दाराला कुलूप, कारण उद्घाटन बाकी. साहेबांना मंत्रीच हवे होते, मंत्र्यांना वेळ नव्हता. लाल रिबन धूळ खात दारावर, किल्ली साहेबांच्या कोटात. नणंदेकडच्या फेऱ्या चालूच.

*

आणि गेल्या महिन्यात पुरुषांचं टॉयलेट तुंबलं. चहा पोटात गेलेला. साहेब इकडेतिकडे बघत, किल्ली मुठीत धरून त्या लाल रिबनीकडे निघाले. दारात आहेर मॅडम, मागे सगळ्या महिला वकील.

"साहेब, उद्घाटनाशिवाय?"

"मग तुम्हीच करा. आत्ता करा. मंत्री गेले उडत."

मॅडमनी किल्ली घेतली, रिबन कापली, टाळ्या झाल्या. साहेब घाईघाईने पुढे सरकले.

"थांबा साहेब, दोन शब्द बोलायला नकोत का?" मॅडमनी घसा साफ केला आणि कलम एकपासून सुरुवात केली.