झुरळताईंचा हळवा केस

"अरे, तोंड फिरव तिकडे!" झुरळताई ओरडल्या आणि मी टेबलापासून चार हात मागे उडालो. मी फक्त "ताई, चहा?" एवढंच विचारलं होतं.

झुरळाच्या शेपटाशी बारीक केस असतात. मागून चप्पल आली की तिच्या वाऱ्यानेच ते हलतात आणि झुरळ पसार होतं. तसाच केस बनवून ताईंनी हवेची हालचाल ओळखणारा सेन्सर केला होता. इतका हळवा, की लांब लहरीपुऱ्याच्या बाजारात कुणी जांभई दिली तरी आमच्या प्रयोगशाळेत दिवा लागायचा. म्हणून बडोद्याच्या मे महिन्यातही पंखा बंद, आणि बोलायचं ते भिंतीकडे तोंड करून. नव्या माणसाला वाटे, इथे सगळ्यांचं भांडण झालंय.

"झुरळ टिकलं, कारण ते भित्रं आहे," ताई सांगायच्या. स्वतः मात्र संस्थानी कारभाऱ्यांच्या घराण्यातल्या; भीती त्यांना कुणी शिकवलीच नव्हती. "टाक्यांत उतरणाऱ्या ज्या माणसांच्या जिवासाठी हे बनवतोय, त्यांच्याआधी मी आत जाणार," असंही म्हणायच्या. मला वाटायचं, बोलण्यापुरतं असेल.

मग बाजव्याजवळच्या एका कारखान्यात चाचणी ठरली. रिकामी टाकी, साफ करायला माणूस उतरला की ब्लोअर वरून ताजी हवा सोडणार. हवा चालू असेल तर केस हलणार, हिरवा दिवा. थांबली तर लाल. सेन्सर टाकीच्या तोंडाशी, दिवा आत. सुपरवायझर म्हणाला, "बेन, रहेवा दो ने, आमचा माणूस जाईल." तोवर ताई कंबरेला दोर बांधून उतरल्यासुद्धा.

मी दोर धरून टाकीच्या तोंडावर ओणवा, धापा टाकत. छाती अशी धडधडत होती, की टाकीच वाजत असावी. शेजारच्या यंत्रांच्या गोंगाटात ब्लोअर बंद पडलेला कुणाला कळलाच नाही. दिवा तर हिरवा. खाली ताई भिंतीला टेकल्या. मग बसल्या. मी आणखी वाकलो, आणखी जोरात धापा टाकू लागलो.

ताईंनी मान उचलून दिव्याकडे पाहिलं. हिरवा, लाल, हिरवा, लाल. ब्लोअरची हवा अशी धापा टाकत नाही.

"तोंड... फिरव," त्या कशाबशा म्हणाल्या.

मी फिरवलं. दिवा लाल झाला आणि लालच राहिला.

मी आणि सुपरवायझरने दोर असा ओढला, की ताई टाकीतून नव्हे, थेट पाताळातून वर आल्या. उन्हात आडव्या पडून त्या श्वास घेत होत्या.

"ताई, आज तुम्ही गेला असतात."

"केस लांब झालाय, तुझ्या श्वासानेही हलतोय," त्या म्हणाल्या. "उद्या आखूड करू."